शिष्य कोणाला म्हणावे?



आजच्या भाषणाचा विषय ‘ख्रिस्ती श्रद्धेतील शिष्यत्वाचा अर्थ’ असा आहे. ज्या भाषेत निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानेश्वर आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ यांची नावे घरोघरी घेतली जातात, त्या भाषेच्या माणसाला शिष्य या शब्दाचा अर्थ सांगावयास जाणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. परंतु तोच शब्द ख्रिस्ती धर्मग्रंथात आला म्हणजे त्याला काही निराळ्या छटा प्राप्त होतात, आणि त्या ध्यानात न घेतल्यामुळे ख्रिस्तेतरांचा तर गैरसमज होतोच, पण आम्हा ख्रिस्ती म्हणविणारांचाही होतो. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. शाळेत मुलांना शिकविणारा एक सामान्य कॅथलिक शिक्षक आहे. तेव्हा मला जे उमगले आहे तेवढेच मी आपणापुढे ठेवणार आहे.

माझे मूळ गाव वसईकडचे. नोकरीच्या निमित्ताने मी बेल्लमपल्लीस आलो. बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे कोळशाच्या खाणींचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली नवे जिल्हे झाले तेव्हापासून ते मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. गावाची बोली तेलुगू. परंतु उत्तरेकडे फार दूर न जाता मराठी कानी पडू लागते. राजुरा तालुका १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. अशा या सीमेवरच्या मुलखात शिष्य हा शब्द मात्र दोन्ही भाषांना सारखाच जवळचा आहे. तेलुगूत त्याला ‘शिष्युडु’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

एके दिवशी वर्गात एका मुलाने मला विचारले, “सर, शिष्य म्हणजे विद्यार्थीच ना? मग येशूचे शिष्य कोणत्या इयत्तेपर्यंत शिकले?” वर्ग हसला. मीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी त्याला उलट विचारले, “तुझे आजोबा खाणीत काम करीत होते. ते काम त्यांना कोणी शिकविले?” मुलाने सांगितले की आजोबा नव्याने खाणीत उतरले तेव्हा एका जुन्या कामगाराच्या मागे मागे चालत असत. पुढच्या माणसाच्या दिव्याचा उजेड जेथे पडेल तेथेच पाऊल टाकावयाचे. तो काठीने वरचे छत ठोकून पाही आणि आवाज ऐकावयास लावी. भरीव आवाज आला तर पुढे जावयाचे. पोकळ आवाज आला तर तेथेच थांबावयाचे. तो आवाज वहीत लिहून घेता येत नाही. जुन्या माणसाच्या सोबतीने अंधारात उतरावे, तेव्हाच तो कानाला कळतो.

आता या परिसरातल्या बऱ्याच जुन्या भूमिगत खाणी बंद झाल्या आहेत. परंतु त्या मुलाने सांगितलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. ख्रिस्ती शिष्यत्वाचा अर्थ तीत जवळजवळ संपूर्ण आला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपला ‘शिष्य’ हा शब्द संस्कृतातील ‘शास्’ या धातूपासून आला आहे. ज्याला शिकवावयाचे, ज्याला वळण लावावयाचे, तो शिष्य. बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. तेथे शिष्यासाठी ‘मथेतेस’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘शिकणारा’ असा होतो. येथवर दोन्ही शब्द हातात हात घालून चालतात. परंतु शुभवर्तमानांत या शब्दाच्या जोडीला दुसरे एक क्रियापद वारंवार येते. ‘मागे चालणे’ हा त्याचा अर्थ. त्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी ‘वाट’ हा शब्द आहे. ज्यांची वाट एकच आहे अशा माणसांचे चालणे त्यातून सूचित होते. म्हणजे ख्रिस्ताचा शिष्य हा नुसता ऐकणारा नव्हे. गुरूची वाट हीच ज्याने आपली वाट मानली, तो शिष्य. शिकणे आणि चालणे या दोन क्रिया तेथे वेगळ्या काढता येत नाहीत.

येशूच्या काळी यहुदी समाजात धर्मशास्त्र शिकविणारे गुरू पुष्कळ होते. त्यांना ‘रब्बी’ म्हणत. सामान्य रीत अशी की ज्याला शिकावयाचे असे तो तरुण आपल्या पसंतीच्या रब्बीकडे जाई, त्याच्या चरणांशी बसे आणि शास्त्राचा अभ्यास करी. संत पौल हा असाच गमलिएल नावाच्या विख्यात गुरूच्या चरणांशी शिकला होता. येशूच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. येथे शिष्य गुरूला शोधीत येत नाही. गुरूच शिष्याला शोधीत जातो. गालील सरोवराच्या काठी शिमोन आणि अंद्रिया हे भाऊ जाळे टाकीत होते, याकोब आणि योहान जाळी नीट करीत होते. येशूने त्यांना आपल्यामागे येण्यास सांगितले, आणि ते निघाले. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता, त्यालाही तसेच बोलाविले. जकात गोळा करणारा म्हणजे परक्या राज्यकर्त्यांचा हस्तक. समाजात त्याला मान नव्हता. निवड करताना येशूने विद्वत्ता पाहिली नाही, कुळ पाहिले नाही आणि पूर्वचरित्रही पाहिले नाही. म्हणूनच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की त्यांना इयत्ताच नव्हती.

या शिष्यवर्गात स्त्रियाही होत्या, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मग्दालाची मरिया, हेरोदाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना, सुसान्ना अशी नावे संत लूकने नोंदवून ठेवली आहेत. या स्त्रिया येशूबरोबर गावोगाव जात आणि आपल्या पदरच्या पैशाने त्या मंडळीचा खर्च चालवीत. बेथानी गावची मरिया येशूच्या चरणांशी बसून त्याचे बोलणे ऐकत असे. चरणांशी बसणे ही त्या काळी शिष्याची बैठक होती, आणि ती पुरुषांसाठी राखून ठेवलेली होती. येशूने तिला तेथून उठविले नाही. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात याफा येथील तबीथा या स्त्रीला उद्देशून ‘शिष्या’ असा स्त्रीलिंगी शब्दच योजिला आहे. ती विधवांना कपडे शिवून देत असे. तिचे शिष्यत्व तिच्या सुईदोऱ्यात होते.

आता गुरु-शिष्य परंपरेतील एक महत्त्वाचा भेद सांगतो. आपल्याकडे शिष्य परिपक्व झाला म्हणजे तो स्वतः गुरू होतो, त्याला शिष्य मिळतात आणि परंपरा पुढे चालते. ख्रिस्ती श्रद्धेत शिष्य कधी गुरुपदाला चढत नाही. गुरू एकच, बाकी सगळे एकमेकांचे भाऊ, अशी येशूची शिकवण आहे. पोपमहाराज असोत, बिशप असोत, की धर्मग्रामातील एखादी निरक्षर म्हातारी असो, अखेरपर्यंत सर्वजण शिष्यच. माझ्यासारख्या शिक्षकाला हे पचविणे थोडे जड जाते. दिवसभर मुले ‘सर, सर’ म्हणत असतात. आणि संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले म्हणजे आपण पुन्हा पहिल्या बाकावरचे विद्यार्थी आहोत, याची आठवण ठेवावी लागते.

शिष्यत्वाला किंमत असते, हे येशूने कोणापासून लपवून ठेवले नाही. उलट त्याच्यामागे मोठा जमाव चालू लागला तेव्हा त्याने मागे वळून त्यांना सावध केले. बुरूज बांधावयास निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तो न केल्यास पाया घालून काम अर्धवट सोडावे लागते आणि लोक हसतात, असा दृष्टान्त त्याने दिला. दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांच्या सैन्याला तोंड द्यावे की तह करावा, याचा विचार राजा आधीच करतो, असेही तो म्हणाला. एक सज्जन, श्रीमंत माणूस त्याच्याकडे आला. धर्माच्या सर्व आज्ञा तो लहानपणापासून पाळीत होता. परंतु आपली मालमत्ता विकून गोरगरिबांना देण्याची गोष्ट निघताच तो खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याच्यावर प्रेम केले, असे संत मार्क लिहितो. परंतु त्याला परत बोलावून अट सैल केली नाही.

त्याच ओघात क्रूस उचलण्याची गोष्ट येते. आज क्रूस हे गळ्यातले पदक झाले आहे. त्या काळी ते रोमन सत्तेचे फाशी देण्याचे साधन होते, आणि गुन्हेगाराला ते लाकूड स्वतःच्या खांद्यावरून वधस्थळापर्यंत वाहून न्यावे लागे. ऐकणारांच्या अंगावर काटा आला असेल. संत लूकने त्या वाक्यात ‘दररोज’ हा एक शब्द अधिक दिला आहे. तो शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. एकदाच मरून मोकळे होण्याचे धैर्य काहींच्या अंगी असते. परंतु आजारी आईचे अंथरूण दररोज बदलणे, लाच न घेता दररोज कचेरीत बसणे, मठ्ठ समजल्या गेलेल्या मुलाला तेच गणित दररोज नव्याने समजावणे, याला निराळे धैर्य लागते.

या शतकांच्या प्रवासात शिष्यत्वाची किंमत मोजणारी माणसे आपल्या मराठी मुलखातही झाली. त्यांपैकी दोघातिघांची नावे मी घेतो.

पहिले आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेजुइट धर्मगुरूंच्या हाताखाली ते वाढले आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांना उत्तम येऊ लागली. आपल्याला त्या संघात घ्यावे अशी त्यांनी विनंती केली. परंतु ती मान्य झाली नाही. मग ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा जम बसला. मनातली तळमळ मात्र गेली नाही. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते साधे बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, त्यांत ते एक होते. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. ते भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत होत. त्यांच्या मरणाबद्दल आम्ही पुष्कळ ऐकतो. मला मात्र त्या नाकारल्या गेलेल्या अर्जानंतरच्या वर्षांबद्दल अधिक वाटते. ज्या दारावर थाप दिली ते उघडले नाही. तरी त्या माणसाने वाट सोडली नाही.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. ते कॅथलिक नव्हते. परंतु मराठी भाषेत ख्रिस्ताच्या शिष्यत्वाविषयी बोलावयाचे आणि टिळकांचे नाव घ्यावयाचे नाही, हे शक्य नाही. कोकणात करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचन आणि विचार चालू राहिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते ख्रिस्ताकडे आले, परंतु मराठीपण सोडून आले नाहीत. संतांच्या भक्तीची भाषा त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी वाहिली. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाची बंधुता उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य तीत एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि ती कल्पना अपुरीच राहिली. कॅथलिक या नात्याने स्नानसंस्काराला मी शिष्यत्वाचे दार मानतो. तेव्हा टिळकांची ती कल्पना मला जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र टाळता येत नाही. दाराबाहेर उभा असलेला माणूस घरातल्यांपेक्षा अधिक निष्ठेने धन्याचे म्हणणे ऐकत असेल, तर त्याला काय म्हणावे?

टिळकांच्या शिष्यत्वाची किंमत त्यांच्याहून अधिक लक्ष्मीबाईंनी मोजली, असे मला वाटते. पतीच्या धर्मांतरानंतर त्या लहान मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांनी काहीच निवडले नव्हते. तरी लोकांचे बोलणे त्यांनाच ऐकावे लागले. पुढे त्या पतीकडे आल्या, परंतु धर्म मात्र लगेच स्वीकारला नाही. जातिभेद आणि सोवळेओवळे यांचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने विचार केला आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत ख्रिस्ताकडे आल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा सारा प्रवास हसतखेळत सांगितला आहे. पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले. त्यांच्या चरित्रातून मी एक गोष्ट शिकलो. मागे चालणे म्हणजे फरफटत जाणे नव्हे. बायको नवऱ्याच्या मागे आली म्हणून ती शिष्य होत नाही; मुलगा बापाच्या मागे आला म्हणूनही होत नाही.

हे मी स्वतःला बजावून सांगतो, कारण माझा धर्म मला वारसाने मिळाला आहे. आमच्या घराण्यात कित्येक पिढ्यांपासून कॅथलिक धर्म आहे. त्यासाठी मला काही सोडावे लागले नाही, कोणाचे बोल ऐकावे लागले नाहीत. जे फुकट मिळते त्याची किंमत विसरावयास वेळ लागत नाही. दिट्रिच बोनहोफर या जर्मन पाद्रीसाहेबांनी १९३७ साली शिष्यत्वावर एक ग्रंथ लिहिला, त्यात याच स्वस्त झालेल्या कृपेवर बोट ठेवले आहे. हिटलरच्या राजवटीस विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले; म्हणजे आपल्या ग्रंथाचा हिशेब त्यांनी स्वतः चुकता केला.

आता मी एका अवघड गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी एक पालक शाळेत मुलाचा अर्ज भरावयास आले होते. खाणीत कंत्राटावर काम करणारे गृहस्थ. दर रविवारी सहकुटुंब प्रार्थनेला जाणारे. सगळे रकाने त्यांनी भराभर सांगितले, आणि धर्माच्या रकान्यापाशी थांबले. मग हळूच म्हणाले, “सार, जुन्या दाखल्यावर आहे तेच लिहा.” मी त्यांच्याकडे पाहिले. माझ्या पाहण्यातला दोष त्यांना कळला असावा. ते म्हणाले, “आमचा देव आमच्या मनात आहे, सार. पण पोराची शिष्यवृत्ती कागदावर आहे.”

श्रोत्यांना यामागची हकिकत ठाऊक असेलच. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयी जो आदेश काढला, त्यान्वये या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ साली त्यांत शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांना त्या मिळत नाहीत. तेलंगणात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना मागासवर्गीयांच्या एका वेगळ्या गटात होते आणि त्या गटाला एक टक्का आरक्षण आहे. या एकंदर प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या कायद्याची बाजू मांडणारे म्हणतात की ख्रिस्ती धर्म जातिभेद मानत नाही, तेव्हा जातीची सवलत त्या धर्मात कशी न्यावी? दुसरी बाजू म्हणते की माणसाने धर्म बदलला तरी गाव त्याला जुन्याच वस्तीत ठेवतो. आणि खेदाने कबूल केले पाहिजे की काही ठिकाणी ख्रिस्ती मंडळींनीही त्याला जुन्याच बाकावर बसविले आहे. या वादाचा निवाडा करणे हे माझ्या भाषणाचे काम नाही. मला बोलावयाचे आहे ते माझ्या त्या पाहण्याविषयी.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मनात त्या गृहस्थांना दुबळ्या श्रद्धेचे ठरवून मोकळा झालो होतो. पुढे गुड फ्रायडेच्या उपासनेत संत योहानकृत शुभवर्तमानातील दुःखसहनाची कथा वाचली जात होती. मी ती दर वर्षी ऐकत आलो आहे. त्या वर्षी अरिमथाईचा योसेफ या नावापाशी माझे कान उभे राहिले. हा योसेफ येशूचा शिष्य होता, परंतु लोकांच्या भीतीने गुप्त शिष्य होता, असे संत योहान स्पष्ट लिहितो. गुप्त होता, तरी त्याला शिष्यच म्हटले आहे. आणि जेव्हा उघडपणे मागे चालणारे बहुतेक पुरुष शिष्य पांगले, पेत्राने तीनदा ओळख नाकारली, तेव्हा हाच भित्रा माणूस पिलाताकडे गेला आणि येशूचा देह मागून घेऊन आला. रात्रीच्या वेळी लपून येशूला भेटणारा निकदेमही सुगंधी द्रव्ये घेऊन त्याच्या मदतीला आला. कोणाच्या शिष्यत्वाची घटका केव्हा येईल, हे आपल्याला ठाऊक नसते. ज्याला आपल्या श्रद्धेसाठी एक रुपयाही गमवावा लागला नाही, अशा माझ्यासारख्याने त्या पालकाला जोखावे, याला काही अर्थ नव्हता. त्यांनी सत्य लिहावयास हवे होते, असे मला आजही वाटते. परंतु सत्य लिहिणे ज्याला महाग पडते त्याचा भार थोडा तरी उचलल्याशिवाय त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हेही मला आता कळते. पेलता न येणारी ओझी दुसऱ्यांच्या खांद्यावर ठेवून स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने केलेली टीका मी मुलांना शिकवीत आलो होतो. ती माझ्यावर होती.

पेत्राचे नाव वर आले, म्हणून त्याची गोष्ट सांगून संपवितो. मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात थंडीमुळे नोकरांनी कोळशाचा विस्तव पेटविला होता. तेथे शेकत उभा असताना पेत्राने येशूला ओळखत नसल्याचे सांगितले. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू शिष्यांना पुन्हा भेटला, तेव्हाही तेथे कोळशाचा विस्तव पेटलेला होता आणि त्यावर मासे भाजत होते. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठी असलेला तो विशिष्ट ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. अँथ्रासाइट हे उत्तम कोळशाचे नाव त्याच कुळातले. आमच्या खाणींतला कोळसा त्या जातीचा नव्हे, परंतु गोष्ट कोळशाची असल्यामुळे बेल्लमपल्लीच्या मुलांना ती चांगली लक्षात राहते. पहिल्या विस्तवापाशी तीनदा नकार, तर दुसऱ्या विस्तवापाशी तीनदा प्रश्न: तू माझ्यावर प्रेम करतोस काय? पेत्राला रागावणे नाही, शिक्षा नाही, नावावर काट नाही. प्रेम असेल तर माझी कोकरे सांभाळ, एवढेच काम सांगितले. शिष्याचे नाव हजेरीपटातून इतक्या सहज कमी होत नाही.

तेव्हा शिष्य कोणाला म्हणावे? जो बोलाविला गेला आहे, जो मागे चालतो, जो पडला तर उठून पुन्हा मागे चालतो, आणि ज्याच्या चालण्याने दुसऱ्याचे ओझे थोडे हलके होते, तो शिष्य. शेवटच्या भोजनाच्या रात्री गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले आणि एकमेकांवरचे प्रेम हीच शिष्याची ओळख ठरविली. पोशाख, नाव किंवा दाखल्यावरचा रकाना ही खूण त्याने सांगितली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली प्रसृत केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या प्रबंधात असे स्पष्ट केले आहे की पवित्रतेचे बोलावणे केवळ धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांना नसून प्रपंचात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. तेव्हा शाळामास्तर, खाणकामगार, परिचारिका, गृहिणी यांपैकी कोणालाही सबब सांगता येणार नाही.

ते पालक मला अजूनही भेटतात. त्यांचा मुलगा आता पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी असतो. मागच्या नाताळात ते घरी आले तेव्हा मी त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते त्यांना लगेच उमगले नाही. उमगल्यावर ते नुसते हसले आणि म्हणाले, “सार, तुम्ही त्या दिवशी अर्ज तर भरून दिलात ना?” त्या रात्री मला वाटले की छत ठोकून पाहणारा जुना माणूस माझ्या पुढे चालला आहे, आणि माझ्या बोलण्यातला पोकळ आवाज त्याने मला ऐकविला आहे.